जुनी मोटार आणि जीर्णोद्धार

जुनी वस्तु जपणें ही सद्वृत्ति होय, याविषयीं सहसा कोणी वाद घालीत नाहीं. वाद उपस्थित होतो तो जपणें म्हणजे नेमकें काय, या प्रश्नावर. एखाद्या जुन्या विलायती मोटारीच्या निमित्तानें तो विचारला, तर पुष्कळ गोष्टी स्पष्ट होतात, असें आम्हांस वाटतें.

जग्वार कंपनीची 'मार्क टू' ही गाडी घ्या. १९५९ सालीं ती प्रथम बाजारांत आली. चार दारांची, कुटुंबानें ऐसपैस बसावें अशी. आंत अक्रोडाच्या लाकडाचें काम. आणि तिचें ३.८ लिटरचें, सहा सिलिंडरांचें एंजिन तिला ताशीं सुमारें २०० किलोमीटर वेगानें नेई. गृहस्थी डौल व शर्यतीचा वेग यांचा असा मिलाफ त्या काळीं विरळाच. या गाडीस निराळी चासी मात्र नाहीं. पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळें दाराखालचा पत्रा गंजला कीं केवळ रूप बिघडत नाहीं, हाडेंच झिजतात. गंजलेला भाग कापून नवा जोडला, तर ती जुनी गाडी राहिली काय? आणि न जोडला, तर ती गाडी तरी राहील काय?

केंद्र सरकारनें २०२१ सालीं केलेल्या नियमांत पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी करण्याची सोय आहे. चासी, बॉडी वा एंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट तींत घातली आहे. रोजच्या प्रवासासाठीं अशी गाडी वापरण्यासही मुभा नाहीं. अट वाजवी आहे. कारण नव्या पत्र्यास जुनें नांव देऊन विकणारे नेहमींच निघतात. तथापि अस्सलपणाची कसोटी केवळ द्रव्यावर ठेवतां येईल काय?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. 'मिलिंदपञ्ह' या पालि ग्रंथांत भिक्षु नागसेन राजा मिलिंदास विचारतो कीं, तूं ज्या रथांतून आलास तो रथ म्हणजे आंस, चाकें कीं जूं? यांपैकीं एकही रथ नव्हे. या सर्वांच्या आश्रयानें 'रथ' हें नांव चालतें, असें राजास कबूल करावें लागतें. जग्वार हें नांवही फोर्डच्या हातून २००८ सालीं टाटा मोटर्सच्या हातीं आलें, पण चालत राहिलें.

चाळीसगांवच्या माणसास या प्रश्नाचीं तीन उत्तरें आपल्याच परिसरांत सांपडतात. कलावंत केकी मूस १९८९ सालीं वारले. त्यांचें घर गांवांत संग्रहालय म्हणून जपलें आहे. तेथें वस्तु जशीच्या तशी राखणें हाच धर्म. कन्नडचा घाट चढून वेरूळास गेलें, तर घृष्णेश्वराचें देऊळ दिसतें. होळकरांनीं अठराव्या शतकांत त्याचा जीर्णोद्धार केला. बांधकाम नवें, देव तोच. आणि जवळच पाटण येथें १२०७ सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिला, असें तो सांगतो. तेथें जपली गेली ती विद्या.

मोटारीस यांपैकीं कोणता धर्म लागू? धांवणें हाच जिचा स्वभाव, तिला कांचेआड ठेवणें म्हणजे अर्धेंच जपणें होय; म्हणून जीर्णोद्धार हवा. परंतु त्याबरोबर मालकावर दोन ऋणें येतात. पहिलें सत्याचें: कोणता भाग मूळचा, कोणता नवा, हें त्यानें लिहून ठेवावें. दुसरें विद्येचें. दोन कार्बुरेटरांचा सूर कानानें जुळविणारा, न मिळणारा भाग लेथवर घडविणारा मिस्त्री म्हातारा होत चालला आहे. त्याच्या शेजारीं शिकणारा एक मुलगा उभा राहील, एवढी सोय मालकानें केली पाहिजे.

कापसाच्या भावावर ज्या खानदेशांत घरें उभीं राहतात व बसतात, तेथें चैनीच्या वस्तूवर इतका पैसा कां, असा आक्षेप निघेल. तो खोटा नाहीं. गाडी मिरविण्यापुरतीच असेल, तर त्यास उत्तरही नाहीं. मात्र मालकाच्या पश्चात् ती दुसऱ्याच्या हातीं जातांना खरी नोंदवही तिच्याबरोबर गेली आणि तिचें काम जाणणारा एक तरुण कारागीर गांवांत राहिला, तर तो पैसा कारणीं लागला, असें आम्ही म्हणूं.