कौशल्याचा पैसा, नशिबाचा हिशेब

कौशल्य आणि नशीब यांच्यातली सीमारेषा भारतीय न्यायव्यवस्थेने जुगाराच्या व्याख्येचा पाया मानली आहे. तत्कालीन मुंबई प्रांताने १९४८ साली लॉटरी आणि बक्षीस-स्पर्धांवर नियंत्रण आणणारा कायदा केला, त्यातून शब्दकोड्यांच्या स्पर्धा चालवणाऱ्या चमारबागवाला यांचा खटला उभा राहिला, आणि ज्या स्पर्धेचा निकाल मुख्यतः कौशल्यावर ठरतो ती जुगार नव्हे, हे तत्त्व १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रस्थापित केले. पुढे रमी आणि घोड्यांच्या शर्यती याच तत्त्वाच्या आधारे जुगाराच्या व्याख्येबाहेर राहिल्या. ही कसोटी न्यायालयाच्या कामाची आहे, परंतु तिच्यात तपासला जातो तो खेळ. खेळणाऱ्याच्या मनाविषयी ती काहीच सांगत नाही. ई-स्पोर्ट्स म्हणजे संगणकावरील किंवा मोबाइलवरील खेळांच्या व्यावसायिक स्पर्धा. या क्षेत्रातील तरुण खेळाडू आणि जुगार यांच्या संबंधाचा विचार करू लागल्यावर ही उणीव विशेष जाणवते, कारण ज्याचे कौशल्य निर्विवाद आहे असाच खेळाडू येथे जुगाराच्या आहारी जाण्याची किंवा सट्टेबाजांच्या हाती लागण्याची शक्यता अधिक दिसते, आणि त्याचे कौशल्य हेच त्याच्या असुरक्षिततेचे एक कारण असते.

दक्षिण कोरियात हा व्यवसाय सर्वांत आधी स्थिरावला आणि तेथेच त्याची काळी बाजूही सर्वांत आधी उघड झाली. 'स्टारक्राफ्ट' या युद्धनीतीच्या खेळाचे सामने तेथे खास दूरचित्रवाणी वाहिन्यांवरून दाखवले जात, मोठ्या कंपन्या संघ पोसत, आणि किशोरवयीन खेळाडू संघाच्या निवासात एकत्र राहून दिवसाचे दहा-बारा तास सराव करत. २०१० साली या खेळात सामनानिश्चिती, म्हणजे पैसे घेऊन निकाल आधीच ठरवणे, चालत असल्याचे उघड झाले आणि कोरियन ई-स्पोर्ट्स संघटनेने अकरा खेळाडूंवर आजीवन बंदी घातली. त्यांत मा जे-युन हा आपल्या काळातील सर्वश्रेष्ठ खेळाडूंपैकी एक होता. तो केवळ सामील नव्हता, तर सट्टेबाज आणि इतर खेळाडू यांच्यात त्याने मध्यस्थी केली होती. कोरियात नागरिकांना जुगार खेळण्यास कायद्याने जवळपास पूर्ण मनाई आहे, आणि स्थानिकांना प्रवेश असलेला कॅसिनो देशात एकच आहे. मागणी मात्र मनाईने संपत नाही. ती बेकायदा संकेतस्थळांकडे वळते, आणि तेथे सामना विकत घेणाऱ्या दलालाला फारशी भीती राहत नाही.

त्यानंतर पाच-सहा वर्षांनी घडलेले प्रकरण अधिक विचार करायला लावणारे आहे. ली सुंग-ह्यून या खेळाडूने २०१२ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, 'स्टारक्राफ्ट २'ची कोरियातील सर्वांत प्रतिष्ठेची स्पर्धा जिंकली. २०१४च्या जागतिक अंतिम स्पर्धेत त्याने एक लाख डॉलरचे पहिले पारितोषिक मिळवले, आणि २०१५च्या प्रारंभी तो पुन्हा कोरियात विजेता ठरला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्याने दोन सामने मुद्दाम हरण्यासाठी सात कोटी वॉन, म्हणजे अंदाजे साठ हजार डॉलर, घेतले. २०१६च्या जानेवारीत त्याला अटक झाली तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. न्यायालयाने त्याला अठरा महिन्यांच्या कारावासाची स्थगित शिक्षा दिली आणि घेतलेल्या रकमेइतकाच दंड ठोठावला. संघटनेने त्याच्यावर आजीवन बंदी घातली.

हे आकडे शेजारी ठेवून पाहिले म्हणजे गरिबीचे सोपे स्पष्टीकरण टिकत नाही. एका स्पर्धेतील विजयाने जेवढे मिळाले होते त्याहूनही कमी रकमेसाठी या खेळाडूने आपला संपूर्ण व्यवसाय पणाला लावला. त्याच्या मनात नेमके काय होते हे तर्काने ठरवणे उचित नाही, आणि 'पोरवयात पैसा डोक्यात गेला' हा शेरा विचारांती काढलेला निष्कर्ष नसून विचार टाळण्याची युक्ती आहे. तरीही अचानक आलेल्या पैशाचे मानसशास्त्र येथे दुर्लक्षून चालणार नाही. रिचर्ड थेलर आणि एरिक जॉन्सन यांनी १९९० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले होते की, नुकताच नफा झालेला माणूस त्या नफ्यातली रक्कम आपली मूळ मालमत्ता मानत नाही. ती जणू खेळाच्या अड्ड्याचीच रक्कम आहे अशा भावनेने तो तिच्यावर एरवी पत्करला नसता असा धोका पत्करतो. उलट नुकसान झाल्यावर मूळ रकमेवर परत येण्याची संधी देणारा डाव त्याला विशेष मोहात पाडतो. मासिक पगारावर जगणाऱ्या माणसाच्या मनात घरभाडे, हप्ता, आई-वडिलांचे औषधपाणी असे पैशाचे कप्पे वर्षानुवर्षांच्या सवयीने तयार झालेले असतात. सतरा वर्षांच्या विजेत्याकडे रक्कम पोहोचते, पण हे कप्पे घडण्याइतका काळ तिच्या मागे उभा नसतो.

यातला काळाचा मुद्दा रकमेच्या मुद्द्याहून महत्त्वाचा आहे. या व्यवसायातील कारकीर्द बहुतेकांच्या बाबतीत पंचविशीच्या आसपास उतरणीला लागते, आणि कोरियात त्यात सक्तीच्या लष्करी सेवेची भर पडते. खेळ ज्या कंपनीच्या मालकीचा आहे तिने नियम बदलले, नवी आवृत्ती काढली किंवा स्पर्धाच बंद केली, तर वर्षानुवर्षे कमावलेले कौशल्य एका रात्रीत निरुपयोगी ठरू शकते. क्रिकेट किंवा बुद्धिबळ असे कोणाच्या खासगी मालकीचे नाही. 'डोटा २' या खेळाच्या 'द इंटरनॅशनल' या वार्षिक स्पर्धेची बक्षीस-रक्कम २०१९ साली ३ कोटी ४३ लाख डॉलर होती आणि विजेत्या पाच जणांच्या संघाला त्यातील १ कोटी ५६ लाख मिळाले. २०२१ साली बुखारेस्ट येथे एकूण रक्कम ४ कोटींवर गेली. आणि २०२३ साली ती सुमारे ३१ लाखांवर घसरली. खेळाडूंचे कौशल्य या दोन वर्षांत बारा-तेरा पटींनी कमी झाले नव्हते. जेथे मोबदला असा चढतो-उतरतो आणि तोही वरच्या मोजक्या संघांपाशी साठतो, तेथे श्रमाचे फळ आणि लॉटरीची सोडत यांतला फरक तरुणाच्या अनुभवातून पुसट होत जातो. कायद्याने खेळ कौशल्याचा ठरवला तरी त्यावर उभे राहिलेले आयुष्य नशिबाच्याच हिशेबाने चाललेले असते.

कौशल्यच असुरक्षितता वाढवते, हे विधान प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. एलेन लँगर यांनी १९७५ साली नियंत्रणाचा आभास या नावाने ज्या प्रवृत्तीचे वर्णन केले तिच्या आधारे ते समजून घेता येते. लॉटरीचे तिकीट स्वतः निवडलेले लोक ते परत विकण्यासाठी, तिकीट नुसते हाती दिलेल्या लोकांपेक्षा कितीतरी अधिक किंमत मागत होते, जरी निवडण्याने जिंकण्याची शक्यता तसूभरही वाढत नव्हती. निवड, सराव, स्पर्धा ही कौशल्याच्या प्रसंगाची लक्षणे जेथे जेथे दिसतात तेथे मन निकालावर आपली सत्ता गृहीत धरते. ज्याचे सगळे कुमारवय आपल्या बोटांनी पडद्यावरचे निकाल बदलण्यात गेले, त्याला पडद्यावरच फिरणाऱ्या चक्रापुढे आपली सत्ता चालत नाही हे पटवून देणे इतरांहून कठीण जाते.

महाभारतकारांना हा प्रश्न परका नव्हता. द्यूतात सर्वस्व गमावलेला युधिष्ठिर वनवासात बृहदश्व ऋषींकडून नलाची कथा ऐकतो आणि त्यांच्याकडूनच अक्षहृदय, म्हणजे फाशांचे रहस्यज्ञान, मिळवतो. नलालाही हे ज्ञान ऋतुपर्ण राजाकडून मिळाले होते आणि त्याच्या बळावर त्याने राज्य परत जिंकले. प्राचीन कथा जुगाऱ्याला फासे टाकून देण्यास सांगत नाही, त्यांत निपुण होण्यास सांगते, ही गोष्ट आजच्या नीतिपाठांशी जुळणारी नाही. परंतु नलाचा प्रतिस्पर्धी त्याच्यासमोर बसलेला होता. आजच्या सट्ट्याच्या संकेतस्थळावर समोर कोणीही बसलेला नसतो. तेथे चालकाचा नफा गणितातच आधी बसवलेला असतो, आणि त्याला हरवणारे अक्षहृदय कोणत्याही ऋतुपर्णाकडे नाही.

शिवाय हा तरुण जुगाराची ओळख अड्ड्यावर जाऊन करून घेत नाही. ती खेळातच होते. 'काउंटर-स्ट्राइक' या नेमबाजीच्या खेळात २०१३च्या ऑगस्टपासून 'स्किन' मिळू लागल्या. स्किन म्हणजे शस्त्राचे नुसते रंगरूप. तिने नेम सुधारत नाही. ती ज्या पेटीतून निघते ती उघडण्यासाठी अडीच डॉलरच्या आसपास किमतीची किल्ली विकत घ्यावी लागते, आत काय निघेल ते योगायोगावर ठरते, आणि दुर्मीळ स्किनला बाजारात मोठा भाव येतो. लवकरच या स्किन त्रयस्थ संकेतस्थळांवर सट्ट्याच्या नाण्यांसारख्या वापरल्या जाऊ लागल्या, आणि बँक खाते नसलेल्या शाळकरी मुलालाही पैज लावणे शक्य झाले. २०१४च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील एका आघाडीच्या संघाने एक सामना मुद्दाम गमावला, आणि त्यावर लावलेल्या पैजांची कमाई खेळाडूंना स्किनच्याच रूपात पोचती झाली. खेळाची मालक कंपनी व्हॉल्व्हने २०१५च्या जानेवारीत संबंधितांवर बंदी घातली. स्किनच्या सट्ट्याच्या संकेतस्थळांना तिने थांबण्याच्या नोटिसा पाठवल्या त्या त्यानंतर दीड वर्षाने, २०१६च्या जुलैत. हा क्रम बोलका आहे. 'डोटा २'ची ती प्रचंड बक्षीस-रक्कमही याच कंपनीने चाहत्यांना विकलेल्या आभासी वस्तूंच्या उत्पन्नातून, त्यातील चौथा हिस्सा बाजूला काढून, उभी केली होती, आणि त्या वस्तूंमध्ये योगायोगाने उघडणाऱ्या पेट्यांचाही समावेश होता. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ साली अशा पेट्यांना जुगार ठरवले; बहुतेक देशांनी मात्र ते टाळले.

शिक्षेच्या बाबतीतही विषमता ठळक आहे. रशियाच्या अलेक्सेई बेरेझिन या खेळाडूने २०१३ साली स्वतःच्याच संघाविरुद्ध शंभर डॉलरची पैज लावून सामना गमावला आणि त्याला ३२२ डॉलर मिळाले. सुरुवातीची आजीवन बंदी पुढे एका वर्षावर आली, आणि तोच खेळाडू नंतर एका नामवंत संघाचा कर्णधार होऊन मोठ्या स्पर्धा जिंकला. कोरियातील ली सुंग-ह्यूनला अशी दुसरी संधी मिळाली नाही. दोघांचे अपराध सारखे नव्हते हे खरे, पण आजीवन बंदी ही एकोणीस वर्षांच्या मुलाला आणि तिशीतल्या दलालाला सारख्या अर्थाने लागू पडत नाही, याचा विचार त्या निर्णयात दिसत नाही.

भारताने २०२५च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन गेमिंगविषयी कायदा करून पैसे लावून खेळायच्या सर्व ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली. कौशल्य की नशीब हा जुना प्रश्न या कायद्याने बाजूला सारला. पैसा लावला जातो की नाही एवढेच त्याने पाहिले, आणि खेळणाऱ्याला गुन्हेगार न मानता खेळ चालवणाऱ्याला शिक्षेस पात्र ठरवले. १९५७च्या तत्त्वापेक्षा ही भूमिका खेळणाऱ्याच्या वास्तवाला जवळची आहे. परंतु ई-स्पोर्ट्सच्या व्याख्येत बक्षीस-रक्कम बसते आणि पगार, करार, अल्पवयीन विजेत्याच्या पैशाची राखण यांविषयी काही ठरत नाही, तोवर पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या मोबाइल खेळाडूच्या घरी येणारा पैसा त्याच अनियमित रूपात येत राहणार. सिनेमात काम करणाऱ्या मुलांच्या कमाईचा ठरावीक हिस्सा सज्ञान होईपर्यंत राखून ठेवण्याची तरतूद कॅलिफोर्नियात १९३९ सालापासून आहे. किशोरवयीन विजेत्यांच्या बाबतीत तिचा विचारही क्वचितच होतो.

नियमित पगार हा यावरचा संपूर्ण उपाय नाही, हे कोरियातच दिसून आले होते, कारण पगारी संघ असूनही दुय्यम खेळाडूंच्या हाती फारसे पडत नसे आणि २०१०च्या प्रकरणात असेही खेळाडू अडकले. तरीही दर आठवड्याला सामना, संघाचे निवास आणि ठरलेले वेतन देणारी 'प्रोलीग' ही सांघिक स्पर्धा 'स्टारक्राफ्ट'च्या खेळाडूंची तेथील स्थिर चौकट होती. ती २०१६ साली, चौदा वर्षांनंतर, बंद करण्यात आली, आणि संघटनेने दिलेल्या कारणांत घटते संघ व प्रायोजक यांच्याबरोबर सामनानिश्चितीचाही उल्लेख होता. त्या आगेमागे अनेक जुने 'स्टारक्राफ्ट' खेळाडू इंटरनेटवरील थेट प्रक्षेपणाकडे वळले. तेथे प्रेक्षक आभासी फुगे विकत घेऊन खेळाडूला देणगी देतात आणि दोन माजी खेळाडूंचे सामने स्वतःच्या पैशाने लावतात. प्रेक्षकांनी जमवलेली ती रक्कम जिंकणाऱ्याच्या खात्यात जमा होते, आणि मग पुढचा सामना कोण लावणार याची वाट पाहत खेळाडू पडद्यासमोर बसून राहतो.