पूर्वज निवडता येतात का?



हल्ली पॅरिश ऑफिसात काही जण दाखल्यासाठी नव्हे, तर पूर्वजांसाठी येतात. कुणाच्या परदेशातल्या मुलाला घराण्याची वंशावळ हवी असते, कुणाला पोर्तुगीज पासपोर्टची आशा असते. (या दुसऱ्या मंडळींना आधीच सांगून टाकतो: ती सवलत 1961 पर्यंत पोर्तुगालकडे राहिलेल्या गोवा-दमण-दीवकडच्या लोकांसाठी व त्यांच्या वंशजांसाठी आहे. आपली वसई 1739 सालीच चिमाजी अप्पांनी घेतली. एजंटाला पैसे देऊ नयेत.) आम्ही कपाट उघडून जुन्या वह्या काढतो आणि मग अडचणी सुरू होतात.

पहिली अडचण भाषेची. नोंदी पोर्तुगीज, काही लॅटिन. शब्द अर्ध्यावर तोडलेले. तारखेपुढे सातचा आकडा व त्याला चिकटून ‘ब्रो’ दिसले की वाचणारा जुलै समजतो. तो असतो सप्टेंबर! लॅटिनमध्ये ‘सेप्तेम’ म्हणजे सात, आणि जुने रोमन वर्ष मार्चपासून सुरू होई. तसेच आठचा आकडा म्हणजे ऑक्टोबर. आडनावावर तर भिस्त ठेवूच नये. पुष्कळांना स्नानसंस्काराच्या वेळी धर्मपित्याचे किंवा पाद्रीचे आडनाव मिळाले. त्यामुळे दोन परेरा एका रक्ताचे असतीलच असे नाही, आणि आडनाव पोर्तुगीज म्हणून रक्तही पोर्तुगीज, हेही खरे नाही.

या वह्या वंशावळीसाठी ठेवल्याच नव्हत्या. 1563 साली त्रेंतच्या धर्मपरिषदेने प्रत्येक धर्मगुरूला विवाहांची वही ठेवण्याचा आणि स्नानसंस्काराच्या वहीत धर्ममातापित्यांची नावे लिहिण्याचा आदेश दिला. त्या नात्यामुळेही पुढे लग्नाला अडथळा येत असे, म्हणून ही दक्षता. नोंदीचा मायना ठरलेला: अमुक दिवशी मी अमक्याला स्नानसंस्कार दिला व पवित्र तेल लावले, तो अमक्या-अमकीचा औरस पुत्र, धर्ममातापिता अमुक. यातला ‘मी’ म्हणजे विगार. आपला पूर्वज त्या पानावर एक शब्दही बोलत नाही.

खरी कसोटी लागते ती ‘औरस’ या शब्दाच्या जागी. तेथे कधी ‘बाप अज्ञात’ अशा अर्थाचे पोर्तुगीज शब्द असतात. कधी ‘एश्पोश्तू’, म्हणजे टाकून दिलेले मूल. पोर्तुगीज अमलाखालच्या मुलखांतील नोंदींत ‘एश्क्रावू’, म्हणजे गुलाम, हा शब्दही येतो. तेथे आईबापांचा पत्ता नसतो, धन्याचे नाव मात्र असते. असे काही निघाले की समोरचा माणूस आवाज खाली आणून म्हणतो, “फादर, तेवढे सोडून लिहून द्या.”

सोडावे का? ही विनंती आम्ही उडवून लावत नाही. आठव्या आज्ञेविषयी ख्रिस्तसभेची शिकवण अशी की दुसऱ्याचा दोष खरा असला तरी योग्य कारणाशिवाय तो उघड करणे पाप आहे. मृतांनाही अब्रू असते. मग शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या एका बाईची गोष्ट आज का उकरावी?

पण येथे दोष कुणाचा, हे आधी पाहावे लागेल. मुलाचा तर नाहीच. आणि त्या बाईचा? वचन देऊन कुणी पळाला, की धन्याने बळजबरी केली, हे ती वही जाणत नाही. विगाराने विचारले, तिने सांगितले किंवा सांगितले नाही, एवढेच तिथे उतरले आहे. तेव्हा ती ओळ झाकून आपण तिचे पाप झाकत नाही. झाकतो ती आपली प्रतिष्ठा. शिवाय बाप अज्ञात असेल तेथे वंश आईपासूनच पुढे चालतो. ती ओळ गाळली की ते मूल पोटात वाढवणारी बाईच गाळली जाते. लोकलाजेला न जुमानता ते जगले, वाढले, म्हणून तर आज कुणीतरी आमच्या टेबलासमोर बसून वंशावळ मागतो आहे!

प्लेटोच्या एका संवादात सॉक्रेटिस पंचवीस पिढ्यांचा अभिमान मिरवणाऱ्यांना हसतो. त्याचे म्हणणे असे की प्रत्येकाला अगणित पूर्वज असतात आणि त्यांत राजे असतात तसे भिकारी आणि गुलामही. हिशेब सोपा आहे. दहा पिढ्या मागे गेलात तर त्या एका पायरीवर 1024 जागा होतात. (गावातल्या गावात सोयरीक होत असल्याने काही जागी तीच माणसे पुन्हा येतात, हा भाग वेगळा.) आपण वंशावळ म्हणून फ्रेम करतो ती त्यांतल्या एकाच, बापाच्या बापाच्या बाजूची. संत मत्तयने प्रभू येशूची वंशावळ लिहिताना तामार, राहाब आणि उरियाची पत्नी यांना गाळले नाही. गाळणे त्याला अवघड नव्हते.

म्हणून जुन्या नोंदीबाबत आम्ही ठरवले आहे: वंशज विचारत असेल तर ओळ पूर्ण वाचून दाखवू, पूर्णच उतरवून देऊ. अर्धी हवी असेल तर मुळीच देणार नाही. मात्र शेजाऱ्याच्या घराण्याची चौकशी करणाऱ्याला काहीच मिळणार नाही.

हयात माणसांची गोष्ट निराळी. तेथे आठवी आज्ञा पुरेपूर लागू होते. त्यांची नोंद सख्ख्या चुलतभावालाही दाखवली जाणार नाही. 1983 च्या धर्मसंहितेनुसार (कलम 877) अविवाहित मातेच्या मुलाची नोंद करताना बापाचे नाव सरकारी कागदाने किंवा धर्मगुरू व दोन साक्षीदारांपुढे त्याने स्वतः दिलेल्या कबुलीने सिद्ध झाले तरच लिहायचे. आईचेही, तिचे मातृत्व सर्वांना ठाऊक असेल किंवा तिने स्वखुशीने तसे लेखी वा दोन साक्षीदारांपुढे मागितले तर. एरवी फक्त मुलाचे नाव. जुन्या विगारांच्या हाती हा नियम असता तर आपली शोधाची वाट पुष्कळ ठिकाणी खुंटली असती, पण कित्येक पोरे तो शिक्का कपाळी घेऊन वावरली नसती. आम्हांला हा सौदा मान्य आहे.

ज्यांना वह्या पाहायच्या असतील त्यांनी शनिवार-रविवार सोडून, सकाळच्या मिस्सानंतर यावे. येताना आजोबा-पणजोबांची नावे, पाड्याचे नाव आणि ठाऊक असल्यास धर्ममातापित्यांची नावे लिहून आणावीत. जुन्या शाईने कागद खाल्ला आहे. पाने आम्ही उलटू. झेरॉक्स मिळणार नाही.