रोग्यास प्रथम विचारावे

दुखणेकऱ्यास बरे करणे हे दयेचे कृत्य होय, हे सर्वांस मान्य आहे. परंतु त्याची इच्छा न पुसता केलेली दया पुरी होते काय? बार्तीमय आंधळा आहे हे प्रभूस ठाऊक होते. तरी त्यास काय हवे, हे त्याने प्रथम विचारले.

सन १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य जामखेडास आले. त्यांनी गावकऱ्यांचे ऐकून घेतले, तेव्हा औषधाआधी अन्नपाण्याची गरज पुढे आली. मग गावांनीच निवडलेल्या बायांस त्यांनी आरोग्यविद्या शिकविली. त्यांपैकी पुष्कळ निरक्षर व हलक्या मानलेल्या जातींच्या होत्या. जुलाब झालेल्या मुलास मीठसाखरेचे पाणी देणे, गरोदर स्त्रीची काळजी घेणे, कठीण दुखणे इस्पितळात पाठविणे, ही कामे त्या करू लागल्या.

कित्येक म्हणतील, अशा बाईच्या हाती जीव सोपविणे धोक्याचे नाही काय? आपल्या विद्येची मर्यादा तिला कळत नसेल, तर धोका खराच. पण ती मर्यादा जिला शिकविली आहे व घरोघरचे दुःख जी जाणते, ती दूरच्या डॉक्टरास मोठे साह्य होते. आरोग्याच्या योजनेत भाग घेणे हा लोकांचा हक्क व कर्तव्य आहे, असे १९७८ साली आल्मा-आटा येथील परिषदेनेही जाहीर केले.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, दुखणेकऱ्याच्या घरी गेल्यावर लगेच बोध करू नये. आधी त्याचे ऐकावे, मग प्रार्थना करावी, व जरूर तर डॉक्टरास कळवावे.