समत्व आणि कंडेन्सर

समत्व म्हणजे विकारांचा अभाव, की परस्परविरोधी विकारांनी एकमेकांस तोलून धरणे, हा प्रश्न गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील स्थितप्रज्ञाच्या निमित्ताने आपल्याकडे पुष्कळ चर्चिला गेला आहे. त्याची एक बाजू हौशी रेडिओवाल्याच्या तारेनेही उजळते, असे म्हटल्यास शास्त्रीमंडळींनी रागावू नये.

वाशिंदसारख्या गावी सरकारी परवाना बाळगणारा कोणी हौशी १६० मीटरच्या पट्ट्यासाठी एरियल उभारू लागला, म्हणजे पाव तरंगलांबीची, सुमारे ४० मीटरांची तार, काही उभी व उरलेली आडवी, अशी तजवीज त्याला करावी लागते. जाणकार ती बुद्ध्याच ५० मीटरांपर्यंत लांबवितात. त्यायोगे तिचा प्रारणरोध वाढतो, परंतु तिच्या ठायी वेटोळ्यासारखा विरोधही उत्पन्न होतो, आणि तो खोडून काढण्यासाठी पायथ्याशी कंडेन्सर जोडावा लागतो. १८५० किलोहर्ट्झवर हा विरोध २०० ओहम असेल, तर कंडेन्सर सुमारे ४३० पिकोफॅरडचा हवा. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओतला गँग कंडेन्सर, खुंटी फिरवताच ज्याची ॲल्युमिनियमची अर्धगोल पाती एकमेकांत सरकतात, तेवढी क्षमता सहज देतो. म्हणून निवड तेथेच संपली असे वाटते.

पण खरा विचार पुढेच आहे. एरियलचा एकूण रोध ५० ओहम धरला, तर १०० वॅट शक्ती देताना प्रक्षेपकाच्या टोकाशी अवघे ७१ व्होल्ट असतात आणि जुळणी दाखविणाऱ्या मापकाचा काटा निश्चल राहतो. त्याच क्षणी कंडेन्सरच्या पात्यांमध्ये मात्र २८३ व्होल्ट, आणि लाटेच्या शिखरावर ४००, नांदत असतात. तारेतील तितकाच विरुद्ध दाब त्यांना खोडतो, नाहीसा करीत नाही. आषाढातल्या दमट हवेत, पात्यांच्या अरुंद फटीत धूळ व ओल साचली असता, तेथे ठिणगी पडण्यास वेळ लागत नाही. म्हणून कंडेन्सर निवडताना त्यात किती मावते याइतकेच तो किती सोसतो हेही पाहावे लागते. शांत पुरुषाच्या अंतरी काहीच घडत नाही, हा समज यावरून किती भोळा ठरतो!

तथापि समत्वाची महती येथेच मर्यादितही होते. त्या ५० ओहमांपैकी २० प्रारणाचे आणि ३० जमिनीच्या नुकसानीचे असले, तरीही मापक तितकीच निर्दोष जुळणी दाखवितो, आणि १०० पैकी ६० वॅट उन्हाळ्यात कोरड्या पडलेल्या मुरुमाच्या पोटात जिरून जातात. हा जमाखर्च कंडेन्सर सुधारू शकत नाही. त्यासाठी जमिनीवर चहूकडे तारा पसराव्या लागतात, ते निराळे आणि कष्टाचे काम आहे. गीतेने समत्व सांगितले ते रणांगणावर उभ्या असलेल्या, कर्म करावयाच्या माणसाला. तेव्हा चित्त स्थिर झाले एवढ्यावर संतोष न मानता, त्या स्थैर्यातून निघालेली शक्ती कोणाच्या पदरात पडली, हा हिशेब साधकाने स्वतंत्रपणे मांडलाच पाहिजे.