एकट्याने न जिंकणारे नायक

५ एप्रिल १९७५ च्या शनिवारी संध्याकाळी जपानी दूरचित्रवाणीवर ‘हिमित्सु सेंताई गोरेंजर’ ही मालिका सुरू झाली. पहिल्याच भागात ‘ईगल’ या संरक्षण संघटनेच्या पाच शाखांवर शत्रू हल्ला करतो आणि प्रत्येक शाखेतून एकेकच माणूस जिवंत सुटतो. हे पाच जण एकत्र येतात, लाल, निळा, पिवळा, गुलाबी आणि हिरवा असे पोशाख चढवतात आणि लढायला उभे राहतात. त्यांच्यात कोणी देवाचा अंश नाही, कोणाच्या जन्माची भविष्यवाणी झालेली नाही. आपापले सगळे सोबती गमावलेल्या पाच माणसांनी एकमेकांची सोबत धरणे, एवढ्यावरच ही कथा उभी आहे. याच बीजातून पुढे ‘सुपर सेंताई’ नावाने ओळखली जाणारी परंपरा वाढली. २०२५ च्या ‘गोझ्यूजर’पर्यंत पन्नास वर्षांत तिच्यात एकोणपन्नास मालिका झाल्या.

रंगीत हेल्मेट, स्फोट, रबरी राक्षस आणि शेवटी महाकाय रोबो, एवढ्यावरून या मालिकांना पोरखेळ ठरवणे सोपे आहे. मला मात्र विसाव्या शतकातल्या लोकप्रिय करमणुकीने मुलांना दिलेल्या सर्वांत मोलाच्या विचारांपैकी एक इथे दिसतो. कोणीही एकटा पुरेसा नसतो आणि कोणीही कायमचा नसतो, असा तो विचार आहे. जगभरच्या अतिमानवी नायकांच्या कथा नेमक्या या दोन गोष्टी नाकारत आल्या आहेत.

‘गोरेंजर’चा जनक शोतारो इशिनोमोरी हा जपानी चित्रकथांचा मोठा कलावंत. १९७१ मध्ये त्याने ‘कामेन रायडर’ घडवला. शत्रूने शरीराची चिरफाड करून बदलून टाकलेला, माणसांत असूनही माणसांपासून तुटलेला असा हा एकाकी नायक होता. त्याआधी १९६६ मध्ये आलेला ‘अल्ट्रामॅन’ही राक्षसांशी एकटाच भिडत असे. पण १९६४ च्या ‘सायबॉर्ग ००९’ या चित्रकथेत इशिनोमोरीने वेगवेगळ्या देशांतले नऊ जण एकत्र आणले होते, आणि १९७२ च्या ‘गॅचामन’ या ॲनिमेशन मालिकेतही पाच जणांचा संघ होता. म्हणजे संघाची कल्पना हवेत होती. ‘गोरेंजर’ने तिला हाडामांसाची माणसे दिली आणि तोएई कंपनीने तिच्यातून टिकाऊ साचा घडवला.

या साच्याची ओळख म्हणजे लढाईआधी स्वतःचे नाव पुकारण्याचा क्षण. पाचही जण रांगेत उभे राहतात. प्रत्येक जण आपल्या रंगाचे नाव उच्चारतो आणि खास आपली मुद्रा घेतो. शेवटी सगळे मिळून संघाचे नाव पुकारतात. याचे मूळ काबुकीत आहे. कावाताके मोकुआमी या नाटककाराच्या १८६२ सालच्या नाटकात पाच चोर नदीकाठी छत्र्या घेऊन ओळीने उभे राहतात आणि एकेक करून आपली ओळख सांगतात. तो प्रवेश आजही जपानी रंगभूमीवर लोकप्रिय आहे. कथेच्या हिशेबाने पाहिले तर शत्रू समोर असताना नावे सांगत बसणे अव्यवहार्यच. पण या काही सेकंदांत मालिकेचे सगळे तत्त्वज्ञान सामावले आहे. आधी ‘मी’, मग ‘आम्ही’, आणि ‘आम्ही’ म्हटल्यावरही रंग पाचच राहतात. जपानी समाज व्यक्तीला समूहात विरघळवून टाकतो आणि या मालिका त्याचाच पाठ गिरवतात, असा आक्षेप घेतला जातो. समूहात विरघळायचेच असते तर सगळ्यांना एकच गणवेश पुरला असता.

पडद्यामागच्या श्रमांतही हेच तत्त्व दिसते. पोशाख चढल्यावर पात्र साकारणारा माणूस बदलतो. चेहरा आणि आवाज एका नटाचा, लढणारे शरीर दुसऱ्याचे. काझुओ नीबोरी हा कलावंत ‘गोरेंजर’च्या काळापासून पुढे अनेक वर्षे लाल पोशाखात लढला. युइची हाचिसुका या पुरुष कलावंताने कित्येक स्त्री पात्रांना देहबोली दिली. हेल्मेटच्या आत चेहरा दिसत नाही. राग, भीती, संकोच, माया हे सगळे मानेच्या कलातून, खांद्यांतून, पावलांतून दाखवावे लागते. नो नाट्यातला नट मुखवटा किंचित वर-खाली करून त्याच लाकडी चेहऱ्यावर आनंद आणि दुःख उमटवतो. ती शिस्त इथे प्लास्टिकच्या हेल्मेटमध्ये उतरली. त्याच्या जोडीला नोबुओ याजिमासारख्या दिग्दर्शकाने हाताने बांधलेल्या लहानशा शहरांवरून आणि इमारतींवरून रोबो चालवले. पडद्यावरचा एक नायक उभा करायला किमान दोन माणसे आणि त्यांच्यामागे कारागिरांचा ताफा लागतो. एकट्याचा पराक्रम इथे निर्मितीच्या पातळीवरही अशक्य आहे.

आता पैशाचा प्रश्न. या मालिका खेळणी विकण्यासाठी चालत आल्या, हे लपवण्याचे कारण नाही. तोएईने मार्व्हलशी करार करून १९७८ मध्ये जपानी ‘स्पायडरमॅन’ काढला आणि त्याला चक्क एक महाकाय रोबो दिला. त्या रोबोचे खेळणे चांगले खपले. १९७९ च्या ‘बॅटल फीवर जे’मध्ये रोबो सेंताईत आला आणि १९८० च्या ‘देन्झीमन’मध्ये तो रूप बदलू लागला. पुढे कोणते शस्त्र, कोणते वाहन कोणत्या महिन्यात पडद्यावर यायचे, हे बांदाई कंपनीच्या विक्रीच्या वेळापत्रकाशी जुळवले जाऊ लागले. नवी खेळणी हवीत म्हणून दरवर्षी नवा संघही हवा.

व्यापाराच्या याच सक्तीने लेखकांना एक दुर्मीळ मोकळीक दिली. संघ वर्षभरच टिकणार असल्याने प्रत्येक कथेला खरा शेवट करता आला. अमेरिकी अतिमानवी नायक ही कंपनीची मालमत्ता असते. तो मेला तरी परत येतो, म्हातारा होत नाही, त्याचा प्रश्न कधी सुटत नाही. सेंताईचे योद्धे जिंकतात, हरतात, निरोप घेतात आणि जागा रिकामी करतात. १९८६ च्या ‘फ्लॅशमन’मधल्या पाच जणांना लहानपणी पृथ्वीवरून पळवून नेलेले असते. ते परत येऊन पृथ्वीला वाचवतात, पण परक्या ग्रहांवर वाढलेल्या त्यांच्या शरीरांना पृथ्वी मानवत नाही. ज्या घराचा शोध घेत ते आले, त्याच घरातून त्यांना निघावे लागते. मुलांच्या मालिकेने असा शेवट करण्याचे धैर्य दाखवले, कारण पुढच्या वर्षी हे पात्र पुन्हा विकायचे नव्हते.

या मोकळिकीत चांगल्या लेखकांनी एकजुटीच्या कल्पनेलाच पुन्हा पुन्हा कसोटीला लावले. हिरोहिसा सोदा हा ऐंशीच्या दशकातला प्रमुख लेखक. त्याच्या १९८५ च्या ‘चेंजमन’मध्ये शत्रू हे एक साम्राज्य आहे. ते ग्रह जिंकते आणि जिंकलेल्यांनाच पुढच्या स्वारीवर पाठवते. पृथ्वीवर चाल करून येणारे बहुतेक सेनानी स्वतः गुलाम आहेत. आपला ग्रह परत मिळेल या आशेवर ते लढतात. हळूहळू त्यांतले काही बाजू बदलतात. पृथ्वीच्या संघाचा कठोर सेनापतीसुद्धा एका उद्ध्वस्त ग्रहाचा रहिवासी निघतो. ‘आपण’ आणि ‘ते’ यांच्यातली रेषा अशी पुसत जाणारी कथा मोठ्यांच्या राजकीय नाटकातही सहज सापडत नाही.

१९८८ च्या ‘लाइव्हमन’मध्ये शत्रू म्हणजे नायकांचेच वर्गमित्र आहेत. बुद्धीच्या गर्वाने ते एका प्राध्यापकाच्या मागे जातात आणि जाताना आपल्याच सोबत्यांचा जीव घेतात. त्या प्राध्यापकाला हजार गुणांचा मेंदू हवा असतो. विद्यार्थ्यांना तो त्या आकड्यामागे धावायला लावतो आणि प्रत्यक्षात त्यांचा वापर स्वतःसाठी करतो. प्रवेश परीक्षांच्या चढाओढीत पिळून निघणाऱ्या तेव्हाच्या जपानी मुलांना हे रूपक समजावून सांगावे लागले नसणार. कोचिंग क्लासच्या फलकांवर गुणवंतांचे फोटो बघत वाढणाऱ्या आपल्या मुलांनाही ते लागणार नाही.

तोशिकी इनोउएने लिहिलेल्या १९९१ च्या ‘जेटमन’ने आणखी पुढचा प्रश्न विचारला. एकत्र येणाऱ्यांचे पटतच नसेल तर? इथे पाचांपैकी एकच प्रशिक्षित सैनिक असतो. उरलेल्या चौघांवर ही शक्ती अपघाताने कोसळते. ते भांडतात, प्रेमात पडतात, एकमेकांना दुखावतात, सोडून जातात, परततात. अंतराळातल्या शत्रूंना पुरून उरलेला त्यांतला एक जण शेवटच्या भागात रस्त्यावरच्या एका भुरट्या चोराला अडवताना सुरा लागून मरतो, तोही सोबत्यांच्या लग्नाच्या दिवशी. पराक्रमाला अमरत्व लाभत नाही, हे मुलांना इतक्या स्पष्टपणे क्वचितच सांगितले गेले असेल.

यासुको कोबायाशी या लेखिकेची २००९ सालची ‘शिन्केंजर’ धनी आणि सेवक यांच्या नात्याला हात घालते. तरुण सरदाराच्या शब्दाखातर चार जण जीव पणाला लावतात. मग उघड होते की तो खरा वारस नाही, शत्रूला चकवण्यासाठी लहानपणापासून वाढवलेला तोतया आहे. खरी वारस असलेली तरुणी समोर येते आणि लाल पोशाख ती चढवते. आता निष्ठा कोणाशी, वंशाशी की वर्षभर सोबत लढलेल्या माणसाशी? त्या तरुणीनेच त्याला दत्तक घेऊन घराण्याचा प्रमुख करणे, हे उत्तर परंपरेच्या चौकटीतलेच आहे, पण ते त्या चौकटीला माणुसकीपुढे वाकवते.

या मालिकांमधला कोणता भाग परदेशी गेला आणि कोणता मागे राहिला, हेही पाहण्याजोगे आहे. फ्रान्समध्ये ‘बायोमन’ आणि ब्राझीलमध्ये ‘चेंजमन’ मूळ कथेसह लोकप्रिय झाल्या. अमेरिकेत हाइम सबान या निर्मात्याने वेगळा मार्ग धरला. १९९२ च्या ‘झ्यूरेंजर’मधली मुखवट्यातली दृश्ये ठेवली, जपानी चेहरे वगळले, त्यांच्या जागी अमेरिकी शाळकरी मुले आणली आणि १९९३ मध्ये ‘मायटी मॉर्फिन पॉवर रेंजर्स’ उभी केली. मूळ मालिकेत हिरव्या योद्ध्याचे आयुष्य मोजके उरलेले असते. धाकट्या भावाशी वैर संपवून तो सोबत लढतो आणि ठरल्या घडीला मरतो. अमेरिकी मालिकेतला हिरवा योद्धा टॉमी मरत नाही. तो इतका गाजला की पुढच्या जपानी मालिकेतला पांढरा पोशाख देऊन त्याला नेता केले गेले. मृत्यू मागे राहिला, तारा जन्माला आला. महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत मुलांनी पाहिली ती हीच आवृत्ती, हिंदी आवाजात. देह जपानी, चेहरा अमेरिकी, बोली हिंदी. तिची मोहिनी खरी होती, पण मूळ विचाराचा निम्मा भाग वाटेतच गळाला होता.

या परंपरेचे दोषही मोठे आहेत. लाल रंग जवळजवळ नेहमी पुरुषाकडे आणि नेतृत्व लालकडे राहिले. पहिल्या संघात पाचांत एकच स्त्री होती, १९८१ च्या संघात एकही नव्हती. १९८४ मध्ये ‘बायोमन’ने प्रथमच दोन स्त्रिया आणल्या, पण समानतेचा प्रवास नंतरही संथच राहिला. प्रत्येक भागाचा शेवट हाणामारीत होतो आणि शत्रूचा बहुधा स्फोटच होतो. खेळण्यांचा दबाव अनेकदा कथेला गुदमरवतो. हे सगळे मान्य करूनही मूळ रचनेचे मोल उरते. इथला सर्वांत बलवान रोबो वेगवेगळी वाहने जोडून बनतो. एक वाहन आले नाही तर तो उभा राहत नाही. सहकार्य हा इथे शेवटी सांगण्याचा बोध नाही. ती गोष्टीची यंत्रणाच आहे.

२०२५ च्या अखेरीस जाहीर झाले की ‘गोझ्यूजर’नंतर सेंताईच्या जागी ‘प्रोजेक्ट रेड’ या नावाखाली नवी मालिका येईल, आणि ऐंशीच्या दशकातला अंतराळ पोलीस ‘गवान’ नव्या रूपात तिची सुरुवात करील. ‘गोरेंजर’ आली त्या वर्षी जपानमध्ये सुमारे १९ लाख मुले जन्मली, २०२४ मध्ये हा आकडा सात लाखांच्या खाली गेला. प्रेक्षकच इतके कमी होत असताना बदलाचा निर्णय व्यापारात समजण्यासारखा आहे. पण ‘गोझ्यूजर’ची कल्पनाही बोलकी होती. तिच्यात फटकून राहणारे लोक पहिला क्रमांक मिळवून आपली इच्छा पुरी करून घेण्यासाठी एकमेकांशी झुंजतात. संघभावनेच्या पन्नास वर्षांनंतर मुलांशी बोलण्यासाठी पहिल्या क्रमांकाची भाषा घ्यावी लागली. आजची मुले कोणत्या जगात वाढत आहेत, याचे इतके नेमके निदान कुठल्या अहवालातही मिळणार नाही.

आपल्याकडे मुलांच्या कार्यक्रमांबद्दलची चर्चा बहुतेक वेळा दोन प्रश्नांवर संपते: किती वेळ पाहावे आणि त्यात मारामारी किती आहे. दोन्ही प्रश्न योग्य आहेत, पण अपुरे आहेत. या गोष्टीत नायक किती आहेत, निर्णय कोण घेतो, दुबळ्याशिवाय बलवानाचे अडते का, शत्रूला बाजू बदलायची वाट आहे का, आणि जिंकल्यावर नायक जागा रिकामी करतो का, हेही विचारले पाहिजे. ज्या समाजाच्या राजकारणात, क्रिकेटमध्ये आणि सिनेमात एकाच माणसाची पूजा चालते, त्याने तर हे प्रश्न आधी विचारावेत. मुलांना नायक लागतातच. त्यांना एकच तारणहार दाखवायचा की एकमेकांवाचून अडणारी पाच माणसे, ही निवड मोठ्यांनी करायची असते, आणि सुपर सेंताईने पन्नास वर्षे ती योग्य केली.