परवान्याच्या कक्षेबाहेरचे सामायिक

आज्ञावलीचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला ठेवणाऱ्या परवान्यांमध्ये जीपीएल या परवान्याचे स्थान वेगळे आहे. आज्ञावली वापरणे, तपासणे, बदलणे आणि वाटणे हे चारही हक्क तो देतोच, शिवाय बदललेली आवृत्ती दुसऱ्याला देताना तेच हक्क त्यालाही द्यावेत, असे बंधन घालतो. संकेतस्थळे उभारण्यासाठी जगात सर्वाधिक वापरली जाणारी वर्डप्रेस ही प्रणाली या परवान्यामुळेच जन्माला आली. मिशेल वाल्द्रिघी यांच्या ‘बीटू’ या प्रणालीचे काम थंडावले, तेव्हा अमेरिकेतील मॅट मुलेनवेग आणि इंग्लंडमधील माइक लिटल यांनी तिची प्रत घेऊन स्वतंत्र वाटेने विकास सुरू केला, ज्याला या क्षेत्रात ‘फोर्क’ म्हणतात, आणि २७ मे २००३ रोजी वर्डप्रेसची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज पडली नाही. आज ४० टक्क्यांहून अधिक संकेतस्थळे या प्रणालीवर चालतात.

मात्र इतक्या प्रचंड वापराबरोबर अवलंबित्वाचे स्वरूपही पालटले आहे. मूळ प्रणालीला जोडता येणारे पूरक भाग, म्हणजे प्लगइन, आणि त्यांच्या सुधारित आवृत्त्या मुख्यतः वर्डप्रेस डॉट ऑर्ग या एकाच संग्रहातून संकेतस्थळांपर्यंत पोहोचतात. सुरक्षेतील त्रुटी बुजवणारे अपडेटही त्याच वाटेने येतात. परवाना कोडचे रक्षण करतो, पण हा संग्रह, त्याचे सर्व्हर आणि तेथे प्रवेश देण्या-नाकारण्याचा अधिकार त्याच्या कक्षेत येत नाहीत. समुदाय ज्याला सामायिक समजत होता त्यातील मोठा भाग प्रत्यक्षात सामायिक नव्हताच, हे २०२४ मध्ये उघड झाले.

त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मुलेनवेग यांनी डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीवर, ती प्रकल्पातून भरपूर कमावते पण त्याला पुरेसे परत देत नाही, अशी जाहीर टीका केली, आणि २५ सप्टेंबरला त्यांनी वर्डप्रेस डॉट ऑर्गच्या सेवा तिच्यासाठी बंद केल्या. त्यामुळे या वादाशी काहीही संबंध नसलेल्या तिच्या ग्राहकांच्या संकेतस्थळांना नेहमीच्या मार्गाने अपडेट मिळेनासे झाले. पुढे १२ ऑक्टोबरला त्या कंपनीच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स’ या, वीस लाखांहून अधिक संकेतस्थळांवर असलेल्या प्लगइनची संग्रहातील जागाच ताब्यात घेऊन तेथे ‘सिक्युअर कस्टम फील्ड्स’ हा फोर्क ठेवण्यात आला. सुरक्षेचे कारण देण्यात आले, पण पत्ता तोच राहिल्याने असंख्य संकेतस्थळांवर मालकाने न निवडलेली आज्ञावली अपडेटच्या रूपाने येऊन बसली. फोर्क करणे परवान्याला धरूनच होते. दुसऱ्याच्या वापरकर्त्यांसह त्याची जागा घेणे ही मात्र सर्वस्वी वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्याविषयी परवाना मौन पाळतो. त्याच सुमारास संग्रहात प्रवेश करण्यापूर्वी, डब्ल्यूपी इंजिनशी आपला संबंध नाही, असे सांगणाऱ्या चौकटीत खूण करणे स्वयंसेवकांनाही सक्तीचे झाले. १० डिसेंबरला कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन कंपनीचा प्रवेश पूर्ववत करायला लावला.

फुकट लाभ घेणाऱ्यांविषयीची तक्रार मात्र खोटी नाही. कंपन्यांनी आपले पाच टक्के मनुष्यबळ प्रकल्पाच्या कामाला द्यावे, ही कल्पना मुलेनवेग यांनी २०१४ मध्येच मांडली होती, आणि देखभालीचे कंटाळवाणे काम थोड्याच लोकांच्या खांद्यावर पडते हे कोणत्याही मुक्त प्रकल्पात दिसते. पण योगदानाची मोजणी नियमाने व्हायला हवी, मर्जीने नव्हे. ज्या स्वयंसेवकांचे श्रम या संग्रहात साठले आहेत, त्यांत मराठी अनुवादकही आहेत: प्रशासकीय पडद्यावरील एकेक वाक्य कोणीतरी मराठीत सुचवते, ते प्रतीक्षेत राहते, भाषेचा संपादक ते मान्य करतो, आणि तेव्हाच मराठी वापरकर्त्याला ते दिसते. या कामाला मोबदला नाही. निदान ते ज्या घरात साठते त्याचे नियम लिखित असावेत, ही अपेक्षा रास्तच म्हणावी लागेल.

असे नियम करणे अशक्य नाही. २००५ मध्ये मॅम्बो या प्रणालीच्या कारभारावरून मतभेद झाले, तेव्हा तिचे प्रमुख विकासक बाहेर पडले, त्यांनी ‘ओपन सोर्स मॅटर्स’ ही ना-नफा संस्था उभी केली आणि त्याच वर्षी जूमला प्रणालीची पहिली आवृत्ती काढली. ड्रुपल या अशाच प्रणालीचे संकेतस्थळ व सर्व्हर ड्रुपल असोसिएशन ही ना-नफा संस्था सांभाळते, आणि कोणत्या दुरुस्तीत कोणत्या व्यक्तीचा व कोणत्या कंपनीचा हात होता याची तेथे नोंद राहते, त्यामुळे कोण देतो आणि कोण नुसता घेतो हे आरोपाशिवाय समजते. तरीही ड्रुपलची नाममुद्रा संस्थापक द्रिस बाउतार्ट यांच्याच नावावर आहे, तेव्हा या व्यवस्थेलाही पूर्ण म्हणता येत नाही.

जून २०२५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाने ‘फेअर’ हा प्रकल्प जाहीर झाला. वर्डप्रेसच्या प्लगइनचा पुरवठा एकाच संग्रहावर अवलंबून न ठेवता अनेक स्वतंत्र संग्रहांतून व्हावा, हा त्याचा हेतू. तांत्रिकदृष्ट्या ही वाटणी शक्य आहे. परंतु नवे प्लगइन सुरक्षित आहे की नाही हे तपासणारी माणसे आजही त्या एका संग्रहाभोवतीच जमलेली आहेत, आणि त्यांचा निर्णय कोणाला मान्य, अमान्य झाल्यास दाद कोठे मागायची, हे ठरवण्याचे काम सर्व्हर वाटून घेतल्याने होणार नाही.