टळलेले आभाळ

परभणी जिल्ह्यासाठी पिवळा किंवा नारिंगी इशारा येतो, तेव्हा त्यातले 'तुरळक ठिकाणी' हे शब्द बहुतेक जण ओलांडून जातात. डोळे थेट वाऱ्याच्या वेगावर, विजांवर आणि गारपिटीवर थांबतात. हवामान खात्याच्या हिशेबात तुरळक म्हणजे त्या भागातल्या जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. इशारा तंतोतंत खरा ठरला तरी उरलेल्या पाऊण भागात कोरडे ऊन राहू शकते. जिल्हा सहा हजार चौरस किलोमीटरहून मोठा आणि गारांचा पट्टा बहुधा काही किलोमीटर रुंदीचा. जिल्ह्यातल्या ताडकळस गावचा माणूस दिवसभर आभाळाकडे पाहतो, काहीच होत नाही, आणि दिवेलागणीला तो म्हणतो, "खोटं निघालं." त्याच संध्याकाळी पालम किंवा गंगाखेडच्या बाजूला एखाद्याचा उभा गहू चिखलात गेलेला असू शकतो. आपल्यावरून टळलेले आभाळ बहुतेक वेळा कुठेतरी उतरलेले असते. येणाऱ्या वादळावर नजर ठेवायची ती हे लक्षात ठेवूनच, असे मला अलीकडे फार वाटते.

पूर्णा आणि गोदावरी यांच्यामधला हा काळ्या मातीचा पट्टा. फेब्रुवारी ते एप्रिल या दिवसांत इथे जे असते ते सगळे उघड्यावर असते. गहू काढणीला आलेला, हरभऱ्याच्या गंजी लागलेल्या, ज्वारीचा कडबा रानात पसरलेला, शिजवलेली हळद वाळत घातलेली, आंब्याला कैऱ्या. वर्षाची कमाई घरात यायला आठ-पंधरा दिवस उरतात आणि नेमके तेव्हाच आभाळ भरून येते. याला दैव म्हणण्याची आपल्याला सवय आहे, पण त्याची कारणे साधी आहेत. जमीन तापू लागलेली असते. बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून ओलसर वारा आत शिरतो. विदर्भापासून मराठवाड्यावरून कर्नाटकाकडे कमी दाबाचा पट्टा तयार होतो, आणि दोन दिशांचे वारे जिथे भेटतात तिथे हवा वर उसळते. वरची हवा थंड असली तर ढग दहा-बारा किलोमीटर उंच चढतो. त्यातले थेंब गोठतात, चढत्या हवेत तोलून धरले जातात, त्यांच्यावर बर्फाचे थर बसत जातात, आणि वजन पेलेनासे झाले की गार खाली सुटते. ढगाचा माथा उंचावरच्या वाऱ्याने ओढला जाऊन ऐरणीसारखा सपाट झाला, की तो पुरा वाढला असे समजावे. मग दुपारचा वारा एकाएकी पडतो, उकाडा सोसवत नाही, आणि थोड्या वेळाने गार झोत येऊन धूळ उठते. वावधान सुटले म्हणतात ते बहुधा हेच. तो गारवा ढगातून पाऊस खाली येऊ लागल्याची वर्दी असते. तो अंगाला लागल्यावर हातात फक्त मिनिटे उरतात.

त्या मिनिटांच्या आधीचे तास मिळवण्यासाठी माणसाने काय काय केले, याचा इतिहास मला फार मोलाचा वाटतो. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत मेघांचा गर्भ आणि त्याचा प्रसव यांचा १९५ दिवसांचा हिशेब मांडला. तो हिशेब आजच्या विज्ञानाला मान्य होणार नाही. पण त्याच प्रकरणात तो असेही सांगतो, की जो जाणकार या लक्षणांकडे रात्रंदिवस चित्त लावून बसतो त्याचे बोलणे खोटे ठरत नाही. हिशेबापेक्षा मला ही अट मोठी वाटते. आपल्याकडे सहदेव-भाडळीचे ठोकताळे आले, पंचांगातली नक्षत्रांची वाहने आली, बुलडाणा जिल्ह्यातल्या भेंडवळची अक्षय्य तृतीयेची घटमांडणी आली. याच परभणी जिल्ह्यातले पंजाबराव डख आज मोबाइलवरून अंदाज सांगतात आणि गावोगाव लोक ते ऐकून पेरणीचे आणि काढणीचे बोलतात. त्यामागचे शास्त्र किती, हा वाद होत राहील. लोक त्या आवाजाकडे का वळतात, हे मात्र हवामानशास्त्रज्ञांनी मनावर घ्यावे. तो आवाज शेतकऱ्याच्या भाषेत, शेतकऱ्याच्या कामाची तारीख धरून बोलतो.

शास्त्राची अडचण वेगळी आहे. हैदराबादच्या डॉपलर रडारपासून ताडकळस सरळ रेषेत सुमारे अडीचशे किलोमीटरवर. रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वी खाली वळत जाते. इतक्या अंतरावर सर्वांत खालचा झोतही जमिनीपासून पाच किलोमीटरहून उंच गेलेला असतो. ढगाचा माथा तिथून दिसेल, पण ज्या थरात वारा माणसाच्या पत्र्यांना हात घालतो तो थर दिसणार नाही. उपग्रह वरून पाहतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' ॲप आपल्याभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या आत वीज कुठे पडते आहे ते दाखवते. महसूल मंडळात स्वयंचलित केंद्र असते, पण ते एका जागेचा पाऊस मोजते. मंडळाच्या दुसऱ्या टोकाला गारांनी हरभरा झोडपला तरी त्या केंद्राला त्याचा पत्ता नसतो. यंत्रांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पुण्यातल्या आणि परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या लोकांनी हे जाळे कष्टाने विणले आहे, आणि त्यामुळे तीन तास आधीचा इशारा हातातल्या फोनवर येतो, ही आपल्या आजोबांच्या स्वप्नातही नसलेली गोष्ट आहे. तरी शेवटचे काही किलोमीटर यंत्राच्या नजरेतून सुटतात, आणि तेवढा अंदाज शिवारातल्या माणसालाच करावा लागतो.

ज्यांना टोर्नेडोशी झुंजावे लागले त्यांच्यापुढे हाच प्रश्न आणखी धारदार होऊन उभा राहिला. गारांचा पट्टा काही किलोमीटरचा, टोर्नेडोची सोंड अनेकदा काही शे मीटरची. १८८४ मध्ये अमेरिकेच्या लष्करी संदेश विभागातल्या जॉन फिन्ली याने टोर्नेडोचे प्रायोगिक अंदाज वर्तवायला घेतले. त्याचे २८०३ अंदाज होते आणि त्यांतले सुमारे ९६.६ टक्के बरोबर आले, असा हिशेब निघाला. त्याच वर्षी गिल्बर्ट नावाच्या भूवैज्ञानिकाने दाखवून दिले, की रोज डोळे मिटून 'टोर्नेडो होणार नाही' एवढेच सांगितले असते तर ९८.२ टक्के अंदाज बरोबर आले असते. फिन्लीने १०० वेळा टोर्नेडो होईल म्हटले, तो २८ वेळा झाला. २३ टोर्नेडो त्याला न सांगताच आले.

हे आकडे मी अनेकदा डोळ्यांपुढे आणतो. गिल्बर्टचा मुद्दा गणिताने अचूक आहे आणि त्यातून अंदाज तपासण्याच्या शास्त्राला मोठी चालना मिळाली. पण गणित त्या २८ वेळांपाशी येऊन अडते. 'काही होणार नाही' म्हणणारा जवळजवळ नेहमीच बरोबर असतो. ताडकळसमध्येही तो बरोबर असतो. "दरसाल येतंय आणि निघून जातंय," म्हणणारे आप्पा दहापैकी नऊ वेळा खरे ठरतील आणि ताडपत्री घेऊन धावणारी त्यांची सून नऊ वेळा घामाघूम होऊन हसण्यावारी जाईल. बरोबर असणे आणि उपयोगी पडणे यांत केवढे अंतर आहे, ते या दोघांकडे पाहून कळते. मला विचाराल तर मी सुनेच्या बाजूचा आहे.

फिन्लीनंतर अमेरिकेत भलतेच घडले. लोक घाबरतील, धावपळ होईल, या भीतीने अंदाजात टोर्नेडोचे नाव घ्यायलाच मनाई झाली आणि ती बऱ्या-वाईट रूपात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकली. माणसे वादळाने मरत राहिली, पण घाबरली नाहीत म्हणून कारभार समाधानी राहिला. १९४८ च्या २० मार्चला ओक्लाहोमातल्या टिंकर या लष्करी हवाई तळावर टोर्नेडो येऊन गेला. फॉबश आणि मिलर या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी आदल्या नोंदींचा अभ्यास केला, आणि २५ मार्चला दुपारी आभाळाची तीच घडण दिसल्यावर धीर करून टोर्नेडोचा इशारा दिला. विमाने आत घेतली गेली. सुमारे तीन तासांनी त्याच तळावर पुन्हा टोर्नेडो आला. एकाच जागी पाच दिवसांत दोनदा तो येण्याची शक्यता नगण्य होती, हे त्या दोघांनाही ठाऊक होते. पुराव्याआधी बोलण्याची जबाबदारी त्यांनी घेतली.

दख्खनच्या पठारावर टोर्नेडो फार विरळा. जमिनीलगत खोल ओलावा आणि उंचीसोबत वेगाने बदलणारा वारा यांची गाठ बंगालच्या बाजूला जास्त पडते. बांगलादेशात २६ एप्रिल १९८९ रोजी दौलतपूर-साटुरिया भागात एका टोर्नेडोने सुमारे १३०० माणसे नेली. २०२४ च्या ३१ मार्चला जलपायगुडीजवळच्या मैनागुडीतही तो आला. आपल्या रानात उन्हाळ्यात फिरणारी वावटळ तापलेल्या जमिनीतून उठते, ढगाशी तिचे नाते नसते. इथे पत्रे उडतात, केळी आणि ऊस आडवे होतात, ते बहुतेकदा ढगातून कोसळणाऱ्या थंड हवेने. जमिनीवर आदळून ती चहूकडे पसरते. फरक ओळखायचा तर दुसऱ्या दिवशी पडलेले पीक नीट पाहावे. पीक एका ठिकाणापासून बाहेरच्या बाजूला फाकून पडले असेल तर तो कोसळता झोत, पिळवटून गोलाकार पडले असेल तर टोर्नेडो.

ही खूण शिकवणारा माणूस तेत्सुया फुजिता. टोर्नेडोची तीव्रता सांगणारी मोजपट्टी त्याने १९७१ मध्ये दिली, आणि १९७५ मध्ये न्यूयॉर्कला झालेल्या विमान अपघाताचा अभ्यास करताना कोसळत्या हवेचा हा झोत त्याने जगापुढे मांडला. हा आकृतिबंध त्याने पूर्वी पाहिलेला होता. १९४५ मध्ये अणुबॉम्बनंतर तो नागासाकी आणि हिरोशिमाला पाहणीसाठी गेला होता आणि तिथली झाडे केंद्रापासून बाहेर फाकून पडलेली त्याने पाहिली होती. बॉम्ब पडला तेव्हा तो कोकुरा शहराजवळ शिकवत होता. ९ ऑगस्टला विमानाचे पहिले लक्ष्य कोकुरा होते. आभाळ आणि धूर यांमुळे खालचे दिसेना, म्हणून विमान नागासाकीकडे वळले. आपल्यावरून काय टळले आणि ते कुठे पडले, हे इतक्या उघड्या डोळ्यांनी पाहिलेला दुसरा हवामानशास्त्रज्ञ मला माहीत नाही. त्या माणसाने उरलेले आयुष्य पडलेली झाडे, मोडलेली घरे आणि आडवी पिके वाचण्यात घालवले, यात मला मोठी सुसंगती दिसते.

मराठवाड्याने २०१४ मध्ये टळणे म्हणजे काय ते विसरायला लावणारे दिवस पाहिले. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून मार्चच्या मध्यापर्यंत गारपीट होत राहिली. आज या तालुक्यात, उद्या त्या. एरवी गार पडली तर एखाद्या दिवशी, तासाभरासाठी. त्या वर्षी माणसांनी गंजी झाकली, उघडली, पुन्हा झाकली. रब्बी आणि फळबागा राज्यभर गेल्या. तेव्हापासून इथल्या बोलण्यात गारपिटीची भीती कायमची मुक्कामाला आली आहे. पंचनामे, विमा, हे सगळे नुकसान झाल्यानंतरचे. त्याची गरज आहेच. पण आधीच्या तीन तासांबद्दल आपण चावडीवर फार कमी बोलतो.

त्या तीन तासांत उभा गहू वाचवता येत नाही, हे कबूल करायला हवे. हळद झाकता येते, गंजीवर ताडपत्री दोर लावून बांधता येते. आणि माणूस वाचवता येतो. २०२२ मध्ये देशात विजेने २८८७ माणसे गेल्याची नोंद आहे. त्यांत रानात काम करणारे फार असतात. आपल्याकडे पाऊस आला की बैल लिंबाखाली बांधायचे आणि आपणही बुंध्याशी टेकायचे, ही पिढ्यांची रीत. उघड्या शिवारात उंच ते झाडच असते आणि वीज तिथेच येते. विजेच्या लखलखाटापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंद मोजून व्हायच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हा झाड सोडून निघायला हवे आणि शेवटचा गडगडाट थांबल्यावर अर्धा तास बाहेर पडू नये. पण निघून जायचे कुठे? कित्येक आखाड्यांवर चार खांब आणि पत्र्यांपलीकडे काही नसते. भिंती आणि छताची पक्की खोली शिवारात दर थोड्या अंतरावर असावी, सालगडी आणि खुरपायला आलेल्या बाया यांना तिची किल्ली मागावी लागू नये, ही मागणी मला रडारइतकीच निकडीची वाटते.

उरला तो शेवटच्या काही किलोमीटरांचा अंदाज. फिन्लीने त्या काळात गावोगावचे शेकडो स्वयंसेवक जोडले होते, जे पाहिले ते कळवणारे. ताडकळसमध्ये असे जाळे न जोडता तयार आहे. लेक मानवतला दिलेली असते, मामा परभणीजवळच्या खेड्यात असतो, साडू गंगाखेडला. आभाळ भरले की फोन सुरू होतात. "मामा, तिकडं काय हाय?" "लै काळं झालंय, बारीक गारा सुरू झाल्यात, बैलं आत घे." ढग ताशी तीस-चाळीस किलोमीटरने सरकत असेल तर परभणीकडच्या त्या वाक्यातून इकडे अर्धा-पाऊण तास मिळतो, आणि तो कोणत्याही रडारने दिलेल्या वेळेहून नेमका असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये वरचा वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणून मामाचा फोन कामाचा. मेमध्ये दिशा बदलते, तेव्हा कोणाला विचारायचे तेही बदलावे लागते.

मात्र हे फोन बहुतेक एकाच दिशेने जातात. आपण वादळ ज्या बाजूने येते तिकडे विचारतो. आपल्याकडचे आवरले की घराबाहेर येऊन गारा गोळा करतो, ओंजळीत घेऊन फोटो काढतो, ते गटावर टाकतो. तेवढ्यात तो ढग पूर्णा-चुडाव्याच्या वाटेला लागलेला असतो आणि तिथे कोणीतरी हळदीच्या ढिगाशेजारी उभे राहून आपल्या बाजूच्या आभाळाकडे पाहत असते. गारा केवढ्या होत्या, किती वेळ पडल्या, वारा कोणत्या अंगाने होता, एवढी तीन वाक्ये आधी त्या माणसाला पोचवावीत. फोटो नंतर काढता येतात.